चित्रकला वर्गातून मुस्लिम मुलं गळतात, काय बदलू?

रेघोट्या: नमस्कार मंडळी. दर शनिवारी दुपारी एका वाचनालयात ८ ते १४ वयाच्या मुलांचा मोफत चित्रकला वर्ग घेते. आसपास थोडी मुस्लिम कुटुंबं आहेत. त्यांची मुलं येतात आणि दोन-तीन शनिवारांत दिसेनाशी होतात. एका मुलीचा हात फार सुरेख होता. 'स्वतःचा चेहरा काढा' म्हटलं, तर तिने ओढणीची किनार बारीक नक्षीसकट भरली आणि चेहऱ्याच्या जागी कोरा गोल ठेवला. 'नाक-डोळे राहिले की गं,' मी म्हणून गेले. त्यानंतर ती आली नाही. कोणी असे वर्ग चालवले आहेत का? कुठून सुरुवात करू?

बोरूबहाद्दर: ताई, नाक-डोळे राहिले नव्हते, तिने ते मुद्दाम काढले नव्हते. मी सुलेखन शिकवतो, मुस्लिम आहे, असे कोरे गोल बरेच पाहिलेत.

सजीवांच्या चित्रांबद्दल आमच्यात एकमत नाही. एका घरात अजिबात चालत नाही, दुसऱ्यात वहीत चालतं पण भिंतीवर नको, तिसऱ्यात कुणाला काही वाटत नाही. त्यामुळे 'तुमच्यात चालतं का?' असं समाजाला नका विचारू, त्या घराला विचारा. इराणच्या बेहजादने आणि मुघल दरबारातल्या चिताऱ्यांनी पोथ्यांत माणसं-घोडे भरभरून रंगवले हे खरं, पण ते सांगून कुणाच्या आईशी वाद घालू नका. विषयच सैल ठेवा. 'चेहरा काढा'ऐवजी 'तुम्ही कोण ते चित्रात सांगा'. ज्याला चेहरा काढायचाय तो काढेल, दुसरा चपला काढेल.

सुरुवात कर्कटकाने करा. वर्तुळ काढा, तेच अंतर ठेवून परिघावर सहा खुणा करा, एक सोडून एक खूण जोडत दोन त्रिकोण काढलेत की चांदणी तयार. कर्कटकातली पेन्सिल आधी घट्ट करा, नाहीतर सहावी खूण पहिलीवर येत नाही आणि मुलं रडकुंडीला येतात. मग बोरू. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुक्ला या सुलेखनकाराने अरबी अक्षरांची मापं ठिपक्यांत बांधली. बोरू तिरका टेकवला की चौकोनी ठिपका उमटतो, त्यावर अलिफ या पहिल्या, उभ्या अक्षराची उंची मोजायची. मुलांना हे मोजणं भारी आवडतं.

निळी_शाई: नक्षीवरच थांबू नका, प्लीज! लहानपणी मला प्रत्येक शिक्षक 'तू छान नक्षी काढ' म्हणायचा. मला ट्रक काढायचे होते. मुसलमान मूल म्हणजे जाळी आणि कमानी, हाही एक पिंजराच. मुस्लिम चित्रकारच बघा किती वेगवेगळे: हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवत मोठे झाले, रझांनी बिंदू धरला, नसरीन मोहमदींनी नुसत्या रेषा, झरीना हाश्मींनी घराचे नकाशे लाकडात कोरून छापले. चौघांचीही कामं एकाच दिवशी टेबलावर मांडा.

आणि आईबापांना खरी धास्ती धर्माची कमी, पोटाची जास्त असते. 'चित्रं काढून करणार काय?' याचं उत्तर तयार ठेवा. मी अक्षरांचे फॉन्ट बनवते, उर्दू आणि देवनागरी, त्यावर घर चालतं. असं कुणी तासभर वर्गात आणता आलं तर बघा.

खडूफळा: किरकोळ वाटेल, पण ब्रश बघा. तैलरंगाचे जाड पांढरे ब्रश बहुतेक डुकराच्या केसांचे असतात. एका मुलाने वर्गात हे विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता सरसकट सिंथेटिक घेतो. मुलींचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय टाकत नाही. आणि शनिवार दुपार ही वेळ कुणाला विचारून ठरवलीत?

रेघोट्या: वेळ कुणालाच विचारली नव्हती. काल धीर करून त्या मुलीच्या घरी गेले. आधी गोलाबद्दल माफी मागितली, तर आई हसली. म्हणाली, चित्राचं काही नाही हो, शनिवारी दुपारी तिचा कुराणाचा वर्ग सुरू झाला आणि धाकट्याला सांभाळायलाही कुणी नसतं. आता वर्ग रविवारी सकाळी घेतेय, धाकट्यासकट या म्हटलं. तो ६ वर्षांचा आहे. त्याला हातात काय देऊ?

बोरूबहाद्दर: कर्कटक सोडून काहीही.