अंजदीवच्या लढाईवर लघुपट: बलिदान खरं कसं दाखवावं?

फोंड्याचा रंगकर्मी: १८ डिसेंबर १९६१ला, गोवा मुक्तीच्या वेळी, पोर्तुगीजांच्या ताब्यातलं अंजदीव बेट घेताना ७ भारतीय नौसैनिक धारातीर्थी पडले. त्यांच्यावर लघुपट करतोय. फिल्मी होऊ नये म्हणून काय टाळावं?

दर्यावर्दी: हे पायदळ नव्हतं, ‘त्रिशूल’ युद्धनौकेचे नौसैनिक उतरले होते. पांढरं निशाण पाहून पुढे निघालेल्यांवर गोळीबार झाला. तिथे कॅमेरा थांबू द्या, घाई नको. हातात .३०३ रायफल देणार असाल तर मॅगझिनमध्ये १० गोळ्या आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा. सलग फैरी झाडल्या की प्रसंग खोटा पडतो. बेट नौदलाच्या ताब्यात आहे. म्हणून चित्रीकरणाला गोव्यातल्या काणकोणातला काब द रामचा खडकाळ किनारा चालेल.

ध्वनिवाला: गोळी आवाजाच्या पुढे धावते. आधी कानाजवळ कडाका, मग बंदुकीचा बार. ३०० मीटरवर दोहोंत साधारण ०.४ सेकंद ठेवा. हातबॉम्बला आगीचा लोळ नको. धूळ, धूर, खडे.

मिलिंद: मरताना भाषण तर नकोच! जिवाभावाची सोबत कामातून दिसते: होडीत एकमेकांचे पट्टे तपासणं, जखमीच्याच खिशातली पट्टी काढून घाव दाबून धरणं. मदत करणाऱ्याने स्वतःची वापरली, तर तो पडल्यावर त्याला काहीच उरत नाही.