अनुभव धागा: सीएफएस सांभाळून दिवस कसा आखता?

ठाणे-नवी मुंबईकरांनो, क्रॉनिक फटीग सिंड्रोम (एमई/सीएफएस, म्हणजे विश्रांतीनेही न जाणारा दीर्घ थकव्याचा आजार) असलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनीही लिहा. खात्रीचं औषध अजून नाही, तेव्हा चमत्कारी काढे कृपया नकोत. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं) हे तपासून झालंय असं धरून चालू.

नौपाडा
या आजाराची खोड अशी की तो लगेच वसुली करत नाही. शनिवारी राममारुती रोडला खरेदी केली, रविवारी मी ठणठणीत. सोमवारी मात्र अंग मोडून येतं, घसा दुखतो, बोलताना साधे शब्द आठवत नाहीत. म्हणून वहीत दोन रकाने केलेत: आज काय केलं आणि दोन दिवसांनी कशी होते. त्यातून कळलं की आंघोळ आणि स्वयंपाक लागोपाठ झेपत नाही. आता आंघोळ स्टुलावर बसून, मग आडवं पडायचं. ओट्यापाशी उंच स्टूल आहे, पोळ्यांना बाई. कंबर मोडायच्या आधी थांबायचं, मोडल्यावर नाही. सगळ्यात जपायचा तो बरा दिवस. सासूबाई म्हणतात, "आज तरतरीत दिसतेस, पडदे धुवायला काढू या का?" नाही काढायचे!

ऐरोली
ट्रान्सहार्बर लोकलचा प्रवास एकवेळ चालेल, ठाणे स्टेशनचा पूल चढला की दिवस खलास. ऑफिसकडून घरून काम मिळवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीत नुसतं 'विश्रांतीचा सल्ला' असेल तर एचआर ढुंकूनही बघत नाही. सलग किती वेळ बसता येतं, मध्ये किती वेळ आडवं व्हावं लागतं, प्रवास का नको, हे स्पष्ट लिहून घ्या.

नेरूळ
मुलगी आजारी आहे. एका फिजिओने सांगितलं, रोज थोडं थोडं चालणं वाढवा. ज्वेल ऑफ नवी मुंबई उद्यानात फेऱ्या सुरू केल्या आणि पोरगी अंथरुणाला खिळली. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने ऑक्टोबर २०२१च्या मार्गदर्शनात असा ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेलेला व्यायाम देऊ नका असं स्पष्ट म्हटलंय. ते पान छापून फाइलला लावलंय, दर नव्या डॉक्टरांसमोर ठेवतो. काहींना राग येतो.

वर्तकनगर
उभं राहिल्यावर धडधडतं का बघा. माझी आडवं असतानाची नाडी मोजली, मग दहा मिनिटं उभं करून पुन्हा. मिनिटाला ३०हून जास्त ठोके वाढले, म्हणजे पॉट्सची (उभं राहिल्यावर नाडी फार वाढण्याचा विकार) शंका. पाणी, मीठ, घट्ट मोजे यांनी फरक पडला. बीपी असेल तर मीठ डॉक्टरांना विचारूनच.

नौपाडा (पुन्हा)
गणपतीत कसं निभावता, असं कोणी विचारलं होतं. आमच्याकडे दीड दिवसाचा. आधीचे दोन दिवस काही ठेवत नाही, मोदक विकतचे, आरतीला मी खुर्चीवर. विसर्जनाला जात नाही आणि पुढचे तीन दिवस पाहुणे बंद. नणंद फुगून बसली आहे. बसू दे.