जपानी माणूस एकटा, म्हणून हातातले गेम खपतात? हे कुणी ठरवलं?

निशीकासाईकर

गेले काही दिवस एक पोस्ट सगळ्या ग्रुपांवर फिरते आहे. जपानमध्ये हातात धरून खेळायचे गेम एवढे का खपतात, याची तीन कारणं त्यात दिली आहेत. घरं काडेपेटीएवढी, ट्रेनचा प्रवास लांब आणि माणसं एकलकोंडी. शेवटी 'आपली माणसं अजून माणसांत आहेत' म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली आहे. मी टोकियोत राहतो, मुलगा इथल्या शाळेत जातो. वाचून इतकी चीड आली की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी घरं. देशभराची सरासरी काढली तर जपानी घर ९० चौरस मीटरच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ हजार चौरस फूट. टोकियोत कमी आहे, पण डोंबिवलीच्या वन बीएचकेत वाढलेल्या माणसाने त्याला काडेपेटी म्हणू नये. शिवाय १९८३ साली आलेला निन्टेन्डो कंपनीचा फॅमिकॉम टीव्हीलाच जोडावा लागायचा. तो जपानात १ कोटी ९० लाखांच्या वर गेला. सोनीचा प्लेस्टेशन २ सुद्धा, तोही टीव्हीचाच, २ कोटींच्या पुढे खपला. तेव्हा काय घरं मोठी होती?

मग ट्रेन. मी तोझाई लाईनने जातो. कोविडच्या आधी किबा ते मोन्झेन-नाकाचो या टप्प्यात सकाळची गर्दी क्षमतेच्या १९९ टक्के मोजली जायची. त्या डब्यात घसरलेला चष्मा वर सरकवता येत नाही, दोन्ही हातांनी गेम कोण खेळणार? ज्यांना बसायला मिळतं, ते फोन बघतात.

आणि एकटेपणा. निन्टेन्डोचा हातात धरायचा गेम बॉय १९८९ सालचा, किंमत १२,५०० येन. फेब्रुवारी १९९६ मध्ये पोकेमॉन आला तेव्हा ते यंत्र सात वर्षं जुनं होतं, बाजारातून उठायला आलेलं. पोकेमॉनच्या लाल आणि हिरवी अशा दोन आवृत्त्या होत्या आणि एका आवृत्तीत सगळे प्राणी मिळायचेच नाहीत. केबल लावून दुसऱ्याशी अदलाबदल करावी लागायची. काही प्राण्यांचं पुढचं रूप तर अदलाबदल झाल्याशिवाय दिसायचंच नाही. ज्या खेळाला शेजारी दुसरं पोर बसलेलं लागतं, तो एकलकोंड्यांचा खेळ कसा?

माझं म्हणणं एवढंच आहे की जपानात हे यंत्र मुलांनी एकमेकांच्या शेजारी बसून खेळण्यासाठी घेतलं गेलं. सगळा खप त्यावर उभा आहे.

जुना_ओसाकाकर

तुमचा राग समजला, पण ट्रेन इतक्या सहज उडवून लावू नका. निन्टेन्डोच्या गुन्पेई योकोई यांना गेम अँड वॉच हा खिशातला गेम सुचला तोच मुळी शिन्कान्सेन या बुलेट ट्रेनमध्ये एक नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं दाबत वेळ काढताना दिसला म्हणून. ते यंत्र १९८० साली आलं. म्हणजे या धंद्याची सुरुवातच ट्रेनमध्ये झाली.

आणि त्या टक्क्यांबद्दल. तिथल्या परिवहन मंत्रालयाने ठरवलेलं माप असं होतं की १८० टक्के म्हणजे वर्तमानपत्राची घडी घालून वाचता येतं, २०० टक्के म्हणजे अंगाला अंग घासतं पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. साप्ताहिक वाचता येत असेल तर गेम बॉयही धरता येतो. नव्वदच्या दशकात मी ओसाकाला होतो. मिदोसुजी लाईनवर सूट-टाय घातलेली माणसं दारापाशी उभी राहून ठोकळे रचायचा टेट्रिस खेळताना मी रोज बघायचो. आवाज बंद, चेहरा मख्ख. ती माणसं कुणाच्या शेजारी बसून खेळत नव्हती, साहेब. ती एकटीच होती.

आकडेमोड

दोघेही खेळणाऱ्याकडे बघताय, खेळ बनवणाऱ्याकडे कुणीच बघत नाही.

प्लेस्टेशन ३ च्या काळात टीव्हीवरचा खेळ बनवायचा खर्च अवाच्या सवा वाढला. जपानी स्टुडिओंना तो झेपेना. ते निन्टेन्डोचा डीएस आणि सोनीचा पीएसपी या हातातल्या यंत्रांकडे वळले. ड्रॅगन क्वेस्ट या गाजलेल्या खेळमालिकेचे पहिले आठही भाग टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर, म्हणजे कन्सोलवर, आले होते. नववा २००९ मध्ये थेट डीएसवर आला आणि ४० लाखांच्या वर गेला. राक्षसांची शिकार करायचा मॉन्स्टर हंटर २००४ मध्ये प्लेस्टेशन २ वर सुरू झाला, पण घराघरात पोचला तो पीएसपीमुळे. डिसेंबर २०१० चा त्याचा पोर्टेबल थर्ड हा भागही ४० लाखांच्या पुढे. खेळ जिकडे गेले तिकडे गिऱ्हाईक गेलं. जपानात डीएस ३ कोटी २० लाखांच्या वर आणि पीएसपी २ कोटींच्या आसपास खपला त्याचं कारण हे आहे. स्वभाव, घरं, ट्रेन ही सगळी नंतर चिकटवलेली लेबलं.

आणि निन्टेन्डोच्या स्विचला हॅण्डहेल्ड, म्हणजे हातातलं यंत्र, म्हणायचं की नाही, हे आधी ठरवा. तो टीव्हीलाही लागतो. त्याचे जपानातले साडेतीन कोटी या बाजूला धरायचे आणि प्लेस्टेशन ४ एक कोटीच्या आत राहिला म्हणून 'टीव्ही मेला' म्हणायचं, हे मला पटत नाही.

निशीकासाईकर

@आकडेमोड, मॉन्स्टर हंटरचं उदाहरण देऊन तुम्ही माझंच काम सोपं केलंत. प्लेस्टेशन २ वर तो मित्रांबरोबर खेळायचा तर नेट जोडण्याची खटपट करावी लागायची. पीएसपीवर चौघांनी एका टेबलाशी बसलं की झालं. त्या वर्षांत स्टेशनजवळच्या कुठल्याही फॅमिली रेस्टॉरंटमध्ये जा, कॉलेजची पोरं चार पीएसपी मधोमध धरून बसलेली. कुणी ओरडतोय 'शेपूट तोड, शेपूट तोड', कुणी औषध टाकायला सांगतोय. वेटर पाण्याचे ग्लास भरून कंटाळलेला.

आणि ड्रॅगन क्वेस्ट नऊचं काय? डीएस चालू ठेवून पिशवीत टाकायचा आणि चालत राहायचं. वाटेत दुसऱ्याचा डीएस आला की दोघांचे नकाशे आपोआप बदलायचे. टोकियोतल्या अकिहाबाराला योदोबाशी कॅमेरा या दुकानाबाहेर माणसं त्यासाठी घोळका करून उभी असायची. एका खेळाडूला सापडलेला, एका मजल्यावर फक्त धातूचे राजे-स्लाईम (हरवले की भरपूर गुण देणारे शत्रू) असलेला नकाशा असाच पिशवीतून पिशवीत जात देशभर पसरला. 'मासायुकीचा नकाशा' म्हटलं की आजही लोकांना आठवतो.

@जुना_ओसाकाकर, सूट-टायवाले होते, नाही म्हणत नाही. पण टेट्रिसवाल्या साहेबांनी १९९६ मध्ये गेम बॉयला पुन्हा उभं केलं नाही. ते प्राथमिक शाळेतल्या पोरांनी केलं.

बटणखुळा

सोनीचा विषय निघालाच आहे तर ऐका. जपानात १९९४ पासून प्लेस्टेशनच्या बटणांत गोल म्हणजे हो आणि फुली म्हणजे नाही. पेपर तपासतानाही तिथे बरोबर उत्तराला गोल करतात. दोन पिढ्यांच्या अंगठ्यांना ती सवय. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला आणि जपानी गिऱ्हाइकाच्या यंत्रातही फुली म्हणजे हो करून टाकलं! २०१६ पासून मुख्यालय कॅलिफोर्नियात, तेव्हा क्योतोतल्या निन्टेन्डोला मैदान मोकळं. मी अजूनही सेव्ह करायला जातो आणि बाहेर पडतो. हा अपमान आहे आणि यावर कुणी बोलत नाही.

आकडेमोड

बटणावरून कुणी एवढं महागडं यंत्र नाकारत नाही.

बटणखुळा

मी नाकारलं.

मृणाल_कावासाकी

निशीकासाईकर, तुम्ही 'शेजारी बसून खेळतात' म्हणून इतकं कौतुकाने लिहिलंय, त्याची दुसरी बाजू एका आईकडून ऐका.

आमचा मुलगा दुसरीत गेला तोवर आम्ही स्विच घेतला नव्हता. शाळेत गेम न्यायला बंदी आहे, चांगलंच आहे. पण तीन वाजता पोरं घरी येतात, दप्तर टाकतात आणि स्विच घेऊन पार्कात. घसरगुंडीच्या पायऱ्यांवर ओळीने बसतात, खालच्या पायरीपासून वरपर्यंत. एक दिवस मी धाकटीला घेऊन गेले तर आमचा सर्वांत वरच्या पायरीवर, पुढच्याच्या खांद्यावरून वाकून बघत उभा. कुणी त्याला हाकललं नव्हतं, कुणी वाईट बोललं नव्हतं. फक्त त्याला काही करायला नव्हतं. त्या आठवड्यात आम्ही घेतला. म्हणजे खप होतो तो एकत्र खेळण्याच्या आनंदाने कमी आणि पोर बाजूला पडेल या धास्तीने जास्त. याला तुम्ही मैत्री म्हणा, मी सक्ती म्हणते.

सडेतोड_पुणे

ताई, राग मानू नका, पण मुलाला 'नाही' म्हणता येत नसेल तर जपानला दोष देऊ नका. आमच्याकडे दहावीपर्यंत फोन नाही, गेम नाही. मुलगी संध्याकाळी खो-खोला जाते. पार्कात बॉल न्यायचा होता.

मृणाल_कावासाकी

बॉल? आमच्या पार्कात बॉल खेळायला बंदीची पाटी आहे. मोठ्याने ओरडू नये हीसुद्धा आहे. शेजारचे आजोबा वॉर्डाच्या ऑफिसात तक्रार करतात. तुम्ही पुण्यात बसून माझं आईपण तपासू नका. तुमची मुलगी खो-खोला जाते कारण तिथे बाकीच्या मुली खो-खो खेळतात. सगळ्या कट्ट्यावर बसून दुसरंच काही करत असत्या, तर तुमची एकटी कुणाला खो देणार होती?

सडेतोड_पुणे

एवढं चिडण्यासारखं काय बोललो? मुद्दा साधा आहे. आई-बापांनी एकत्र येऊन ठरवावं. नाहीतर सरकारने ठरवावं.

जुना_ओसाकाकर

सरकारने ठरवून झालं. जपानातल्या कागावा प्रीफेक्चरने, म्हणजे प्रांताने, एप्रिल २०२० पासून नियम केला की १८ वर्षांखालच्यांनी गेम खेळायचे ते रोज ६० मिनिटं, सुट्टीच्या दिवशी ९० मिनिटं. दंड नाही, तपासणी नाही, जबाबदारी आई-बापांची. एका विद्यार्थ्याने कोर्टात दाद मागितली. २०२२ मध्ये ताकामात्सूच्या कोर्टाने दावा फेटाळला. दंड नसलेला नियम घरात कोण पाळून घेणार? पुन्हा आईच.

मृणाल_कावासाकी

नेमकं. आमच्या घरी घड्याळ मीच लावते आणि वाईटही मीच होते.

पण सडेतोड यांना एक सांगते, नाहीतर म्हणतील की मी फक्त रडगाणं गाते. मुलाला काताकाना (जपानीतली एक लिपी) येत नव्हतं, शाळेच्या वहीत रोज लाल खुणा. पोकेमॉनची सगळी नावं काताकानात. त्याने ती नावं आधी आकारावरून ओळखली, मग वाचली, मग भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून काढली. बाईंनी विचारलं, घरी कोण शिकवतं? नवऱ्याला आणि मला दोघांनाही धड येत नव्हतं. एवढं श्रेय मी त्या यंत्राला देते. त्यापुढे एक पैसाही नाही.

सडेतोड_पुणे

काताकानाचं ठीक आहे. पाटीचं मला माहीत नव्हतं. तरी माझं मत तेच आहे.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येऊ या का? मृणालताईंच्या अनुभवातून माझा मुद्दा थोडा वाकतो, हे नाइलाजाने लिहितो. दर मुलामागे एक यंत्र, हे टीव्हीच्या कन्सोलला जमत नाही. घरात एक प्लेस्टेशन पुरतो. तीन भावंडं असतील तर स्विच तीन लागतात, कारण तिघांची पार्कं वेगळी. साडेतीन कोटींचा आकडा असा फुगतो. पण त्यासाठी आधी खेळ त्या यंत्रावर यायलाच हवेत, हे मी सोडणार नाही. सोनीचा व्हिटा २०११ मध्ये आला, पडदा सुरेख, हातात धरायला उत्तम. मुलांचे खेळ फारसे आले नाहीत, आणि मॉन्स्टर हंटर तर निन्टेन्डोच्या थ्रीडीएसकडे गेला. आपटला.

निशीकासाईकर

व्हिटाबद्दल वाद नाही. पण किंमत विसरू नका. थ्रीडीएस फेब्रुवारी २०११ मध्ये २५,००० येनला आला आणि दुकानात पडून राहिला. ऑगस्टमध्ये १५,००० केला तेव्हा हलला. निन्टेन्डोचे तेव्हाचे अध्यक्ष इवाता यांनी त्यावेळी स्वतःचा पगार निम्मा केला होता. नवीन वर्षाला आजी-आजोबा पोरांना पाकिटातून पैसे देतात, त्या पाकिटांच्या बेरजेत यंत्र बसलं पाहिजे. योकोई यांनी हेच पहिल्यापासून ओळखलं होतं. गेम बॉयचा पडदा हिरवट, रंग नाही, पण चार पेन्सिल सेलवर दिवसच्या दिवस चालायचा. सेगाचा गेम गियर रंगीत होता, सहा सेल खायचा आणि काही तासांत मान टाकायचा. सेलचे पैसे कोण देणार होतं? आईच.

२०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा तर जपानी भाषेपुरतं वेगळं यंत्र काढलं, ४९,९८० येनला. सगळ्या भाषांचं तेव्हा ६९,९८० ला होतं. तरी एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानातल्या सोडतीला २२ लाख अर्ज आले.

मृणाल_कावासाकी

त्या सोडतीत आम्हीही होतो. नंबर लागला नाही. मुलगा आता पाचवीत आहे आणि त्याच्या पार्कातल्या दोघांना मिळालाय. बाकीचे जुन्यावरच आहेत, म्हणून सध्या घरात शांतता आहे. तिसऱ्याला मिळाला की मला पुन्हा हिशोब मांडावा लागेल.

बटणखुळा

घ्या. निन्टेन्डोची बटणं तरी जागेवर आहेत.