आंबा घाट चढून परत यायचंय: २४ युनिटची इलेक्ट्रिक हॅचबॅक पुरेल का?

दुधाळीकर
घर कोल्हापुरात दुधाळीत, नोकरी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत. रोज येऊन-जाऊन तीसेक किलोमीटर. महिन्यातून दोनदा देवरुखला गावी, आंबा घाटातून, एका बाजूने शंभरच्या आसपास. वर्षातून तीन-चार वेळा पुणे. टियागो ईव्ही २४ युनिटवाली (म्हणजे २४ किलोवॅट-तासाची बॅटरी) बघितली. कागदावर रेंज ३१५, शोरूमवाला म्हणतो देवरुख एका चार्जात जाऊन-येऊन होतंय. खरंच होतंय का? गावी फक्त १५ अँपिअरचा प्लग आहे. इकडे घर जुनं, सिंगल फेज, गाडी खाली लागते आणि पूर आला की तिथं पाणी येतं. आत्ता घरचा वापर महिन्याला दीडशे युनिट. नेमकं सांगा.

घाटवाट
एका चार्जात जाऊन-येऊन होत नाही. ३१५ हा टेस्ट-बेंचवरचा आकडा आहे. २०२२ मध्ये गाडी आली तेव्हा छापला, नंतर टेस्टची पद्धत बदलल्यावर कंपनीनेच खाली आणला. तुम्ही किलोमीटर सोडा, युनिट मोजा.

सपाट रस्त्यावर ताशी सत्तर-ऐंशीने ही गाडी युनिटला साडेसात किलोमीटरच्या आसपास देते. शंभर धरलात तर साडेसहा. आता घाट. गाडी आणि चार माणसं मिळून साडेचौदाशे किलो धरा. शंभर मीटर उंची चढायला ०.४ युनिट लागतं, मोटर-गिअरचा तोटा धरून ०.४५. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या वर, देवरुख त्यापेक्षा बरंच खाली, म्हणजे परतीला चढाचेच दोन-सव्वादोन युनिट जातात. वाटेतले चढउतार धरले तर अडीच.

जाताना: १०० किमीचे १३ युनिट, उतारावर एखादं परत मिळतं, म्हणजे १२. येताना: १३ अधिक अडीच, साधारण १६. बेरीज २८. बॅटरी २४. विषय संपला.

पण गावी रात्री मुक्काम असेल तर अडचण नाही. १५ अँपिअरच्या प्लगवर तासाला पावणेतीन-तीन युनिट भरतात, सहा तासांत सतरा. अडचण वेगळीच आहे: जुलैत देवरुखकडे झाड पडून लाईट गेली, तर सकाळी निम्मी बॅटरी घेऊन घाटाखाली बसायचं. ३५ युनिटची पंच ईव्ही (२०२४ चं मॉडेल) घेतलीत तर ती जड आहे, युनिटला सात धरा. जाऊन-येऊन तीस-एकतीस युनिट होतात. पोचते, पण पंधरा टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे मोठ्या बॅटरीचे पैसे किलोमीटरसाठी देत नाही आपण, गावच्या लाईटीच्या भरवशासाठी देतो. एवढं मनाशी ठरलं की निवड सोपी.

बाकीच्यांचं थोडक्यात. एमजी कॉमेटला डीसी फास्ट चार्जिंग (हायवेवरचं जलद चार्जिंग) नाही, त्यामुळे पुण्याचा विषय नको. सिट्रोएन ईसी३ मध्ये २९.२ युनिट आहेत, पण बॅटरी हवेने थंड होते; एप्रिलमध्ये हायवेवर लागोपाठ फास्ट चार्जिंग केलं की वेग पडतो. टियागो आणि पंचची बॅटरी पाण्यावर थंड होते.

तारतंत्री
गाडी कुठली घ्यायची ते घाटवाट ठरवतील. मी प्लगचं सांगतो, कारण निम्म्या तक्रारी गाडीच्या नसतात, भिंतीच्या असतात.

३.३ किलोवॅटचा चार्जर १४-१५ अँपिअर घेतो आणि तो सलग आठ तास घेतो. गीझर नऊ अँपिअर घेतो, तोही पंधरा मिनिटं. त्यामुळे "गीझरची लाईन आहे की" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. मीटरजवळच्या बोर्डातून स्वतंत्र लाईन ओढा: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, अंतर वीस मीटरच्या पुढे गेलं तर ६ ची. त्यावर २० अँपिअर सी-कर्व्ह एमसीबी (जादा करंट गेला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअर, ए-टाईप आरसीसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच). ट्रिप होतोय म्हणून आरसीसीबी काढून टाकणारे वायरमन आहेत. त्यांना चहा पाजून परत पाठवा.

सगळ्यात आधी जातो तो सॉकेट. आतली पितळी पट्टी सैल झाली की पिन तापते, प्लास्टिक तपकिरी होतं, मग वितळतं. १६ अँपिअरचा चांगल्या कंपनीचा जाड सॉकेट बसवा. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर प्लगटॉपला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसला तर बंद करून स्क्रू आवळा नाहीतर सॉकेट बदला. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. गावच्या प्लगलाही हेच सगळं लागू.

आता अर्थिंग. जुन्या घरात तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. चार्जर लाल दिवा दाखवून बसतो आणि लोक शोरूमला फोन करतात. स्वतंत्र खड्डा घ्या, अडीच-तीन मीटरचा रॉड, रोध ५ ओहमच्या आत. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये व्होल्टेज मोजा. चार-पाच व्होल्टच्या वर गेलं तर कुठंतरी जोड सैल आहे. पावसात सगळं झकास चालतं, चैत्र-वैशाखात माती वाळली की रोध वाढतो आणि तोच लाल दिवा परत येतो. खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून बघा, बंद झाला तर कारण कळलंच.

न्यूट्रल आणि अर्थ मागे जोडून दिवा हिरवा करणं हा उद्योग करू नका. बाहेरचा न्यूट्रल तुटला की गाडीच्या पत्र्यात करंट येतो.

दुधाळी म्हणताय तर एमसीबी आणि सॉकेट भिंतीवरच्या २०१९ च्या पाण्याच्या खुणेच्या वर घ्या. जमत नसेल तर पहिल्या मजल्यावर बोर्ड घेऊन लाईन खाली सोडा, म्हणजे वरूनच बंद करता येईल.

दुधाळीकर
बॅटरी आयपी६७ आहे म्हणतात. मग पुराला काय होतंय? आणि बिल किती वाढेल? ८० टक्क्यांवर थांबायचं की १०० करायचं?

मीटरवाला
आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीच्या टाकीत. पंचगंगेचं पाणी २०१९ ला किती दिवस उभं होतं ते दुधाळीकरांना मी काय सांगू! राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट, म्हणजे इशारा पातळी झाली की गाडी राजारामपुरीकडे नाहीतर उंचावरच्या कुणा नातेवाईकाकडे. ४३ ची धोका पातळी येईपर्यंत थांबू नका. जुलै-ऑगस्टमध्ये बॅटरी साठ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, कारण पाणी चढलं की त्या भागाची वीज महावितरण आधी बंद करतं. गाडी बुडालीच तर चालू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, आणि ओढून न्यायची नाही. पुढची चाकं फिरली की मोटर स्वतः वीज तयार करते. सपाट ट्रकवर चढवूनच न्या. विम्यात झिरो-डेप्रिसिएशनसोबत बॅटरी आणि चार्जरचं कलम वेगळं विचारा, ते साध्या पॉलिसीत नसतं.

बिल: महिन्याला साधारण १२०० किमी, म्हणजे बॅटरीतून १६० युनिट, भिंतीतून १८० (चार्जरमध्ये बारा टक्के उष्णतेत जातात). घरचे १५० मिळवले की ३३०. त्यातले तीसच ३०१ ते ५०० च्या महाग टप्प्यात पडतात. पण आत्ता १०१ ते ३०० च्या टप्प्यात तुमचे पन्नासच आहेत, तिथे आता दोनशे होतील. वाढ मुख्यतः तिथेच. छत मोकळं असेल तर ३ किलोवॅट सोलरला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० अनुदान आहे. दिवसाला सरासरी बारा युनिट धरा, पावसाळ्यात त्याच्या निम्म्याचीही आशा नको. नेट मीटरिंगमुळे दिवसा बनवून रात्री गाडीत भरता येते. कर्जाच्या व्याजावर ८०ईईबीची करसवलत मिळते असं कुणी सांगितलं तर ती ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती.

८० की १००: टियागोत एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल आहेत. त्यांचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतं, त्यामुळे गाडीला स्वतःलाच टक्के नीट कळत नाहीत. आठवड्यातून एकदा स्लो चार्जिंगवर १०० करा, म्हणजे हिशेब जुळतो. न करता महिने गेले की वीस टक्क्यांवरून अचानक पाचवर येते, आणि मग लोक म्हणतात बॅटरी गेली.

घाटवाट
पुण्याचं राहिलं होतं. सव्वादोनशेच्या वर किलोमीटर, एकतीस युनिट. साताऱ्याला थांबा, तोवर ३५-३० टक्के उरतात. टियागो १० ते ८० टक्क्यांना तासभर घेते, ६० किलोवॅटच्या गनला लावली तरी तेवढाच. त्यामुळे मोठा चार्जर शोधत फिरू नका, चालू असलेला शोधा. निघताना ॲपमध्ये तो बंद-नादुरुस्त नाही ना बघा आणि पुढच्या वीस किलोमीटरात दुसरा हेरून ठेवा. जुन्या रस्त्याने येताना खंबाटकी घाट चढायचा, जाताना बोगदा. म्हणून परतीला पुण्यातून पूर्ण भरून निघा. किणी, तासवडे टोल भरायचाच.

टेस्ट ड्राईव्ह रंकाळ्याभोवती घेऊ नका, पन्हाळ्याला न्या. चढ चारशे मीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या चढाचे सात-आठ टक्के. वर पोचल्यावर आणि खाली आल्यावर टक्के लिहून घ्या. उतरताना निम्मे तरी परत आले पाहिजेत. वर हॉटेलात १०० भरून उतरू नका, भरलेल्या बॅटरीत रीजनची (उतारावर मोटरने बनवलेली) वीज जायला जागाच नसते, सगळा भार ब्रेकवर येतो.

तारतंत्री
अजून एक, हे शोरूमात सांगत नाहीत. बॉनेटखाली नेहमीची १२ व्होल्टची बॅटरी असते. ती मेली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी मुकी, कारण मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिची वीज गाडीला जोडणारे स्विच) या छोट्या बॅटरीवरच जोडले जातात. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर मधे एकदा अर्धा तास चालू करून ठेवा. किल्लीच्या आतली लोखंडी चावी दाराला लागते का ते डिलिव्हरीच्या दिवशीच लावून बघा.