मदत हवी आहे: कबड्डीत मुरगळलेला गुडघा अजून साथ देत नाही

नमस्कार मंडळी,

माझी धाकटी बहीण कबड्डी खेळते. गेल्या पावसाळ्यात चढाईवरून परत फिरताना तिचा पाय मॅटवर रोवलेलाच राहिला आणि अंग वळलं. आतून 'कट्' असा आवाज तिला स्पष्ट जाणवला आणि तासाभरात गुडघा टम्म सुजला. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं, म्हणून क्रेप बँडेज, बर्फ आणि विश्रांती एवढंच झालं.

सूज उतरली, पण गुडघा पूर्ववत झाला नाही. सरळ चालताना काही वाटत नाही. जिना उतरताना किंवा पटकन वळताना मात्र तो निसटल्यासारखा होतो. मांडी घालून बसल्यावर कधी कधी अडकतो, मग हळूहळू हलवून सोडवावा लागतो. त्या पायाची मांडीही बारीक झालीय, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

एक्स-रेत लिगामेंट (हाडांना हाडाशी जोडणारा पट्टा) आणि गुडघ्याच्या हाडांमधली गादी (मेनिस्कस) दिसत नाही हे आता कळलंय. एमआरआय पुढच्या आठवड्यात आहे. निसटणं एसीएल (गुडघ्याला आतून स्थिर ठेवणारं लिगामेंट) तुटल्यामुळे आणि अडकणं गादी फाटल्यामुळे असू शकतं, असं फिजिओ म्हणाले.

ज्यांना दोन्ही दुखापती एकत्र झाल्या, त्यांनी कृपया सांगा: गादी शिवली की फाटलेला भाग काढला? ऑपरेशनआधी मांडीचे व्यायाम किती करून घेतले? आणि पुन्हा मॅटवर उतरायला किती महिने लागले? पुणे-सातारा भागात खेळाडूंचे गुडघे नेहमी पाहणारे डॉक्टर माहीत असतील तर मेसेज करा. हाडवैद्याकडे चोळून घ्यायला घरचे म्हणतायत, ते मी तूर्त थांबवलंय.