जर्मनीत दिवाळीचा फराळ: कुठलं पीठ, कुठलं तूप, ओव्हन किती?

तिखटमीठ:
मुक्काम हॅनोव्हर. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे. नानकटाई आणि करंज्या ओव्हनमध्ये करायच्या आहेत, तळण नको. मैदा म्हणून ४०५ घ्यायचा की ५५०? बुटरश्माल्झ (इथलं तयार कढवलेलं लोणी) तुपाच्या जागी चालतं का? सोड्याऐवजी बाकपुल्व्हर (बेकिंग पावडर) घातली तर? नानकटाई पसरून चपटी होते ती कशाने? भारतीय दुकान तासभर लांब आहे, तेव्हा तिथून आणलंच पाहिजे असं काय, तेही सांगा.

पाटा_वरवंटा:
पिठावरचा आकडा म्हणजे १०० ग्रॅम कोरडं पीठ जाळलं तर साधारण किती मिलिग्रॅम राख उरते, तो. आकडा जितका लहान तितका कोंडा कमी. नानकटाईला ४०५च घ्या. करंजीच्या पारीला ५५० बरं, थोडं चिवट असल्याने पातळ लाटता येतं. १०५०च्या वाटेला जाऊ नका.

बुटरश्माल्झ चालतं, पण त्याला वास जवळजवळ नसतो, कारण बेरी लालसर होऊ न देताच ती काढून टाकलेली असते. नानकटाईत वेलदोडा आणि बेसन ते झाकून नेतात, बेसनाच्या लाडवात मात्र उघडं पडतं. त्यापेक्षा लोणी कढवा. पाकिटावर ‘झाउअररामबुटर’ लिहिलेलं बघून घ्या. ते विरजलेल्या सायीचं असतं, म्हणून तूप घरच्या तुपाच्या जवळ जातं. ‘झ्यूसराम’ म्हणजे गोड सायीचं. २५० ग्रॅम लोण्याचं साधारण २०० ग्रॅम तूप निघतं. आच मंद ठेवा आणि तडतड थांबून बेरी बदामी झाली की लगेच गाळा.

पिठीसाखर म्हणजे पुडरत्सुकर. त्याच फळीवरची गेलीअरत्सुकर चुकून उचलू नका, ती जॅमची असते आणि तिच्यात पेक्टिन घातलेलं असतं.

रव्यासाठी ‘वाइखवाइत्सनग्रीस’, म्हणजे मऊ गव्हाचा रवा. ‘हार्टवाइत्सन’ म्हणजे कडक गव्हाचा रवा पिवळा आणि कडक असतो, करंजीच्या पारीत तो भिजायला वेळ घेतो.

किशरएर्ब्सनमेल हे काबुली चण्याचं पीठ, चणाडाळीचं नव्हे. नानकटाईत चमचा-दोन चमचे खपून जातं, पण लाडवात भाजताना वास वेगळा येतो. म्हणून भारतीय दुकानाची यादी एवढीच: लाडवाचं जाडसर बेसन, पातळ पोहे, पांढरी खसखस, भाजणी. अख्खे वेलदोडे तुर्की दुकानातही मिळतात. चिवड्याच्या डाळ्यांऐवजी तिथली सोललेली लेब्लेबी (भाजलेले काबुली चणे) चालते, फक्त दाणा मोठा असतो.

कढईवाली:
नानकटाईचं माप: मैदा १२० ग्रॅम, बेसन ३०, बारीक रवा २०, तूप ९०, पिठीसाखर ७०, सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. सोडा म्हणजे नाट्रोन. बाकपुल्व्हरमध्ये सोड्याबरोबर आम्लही असतं, त्यामुळे तीच घालायची तर पाऊण चमचा लागेल. नानकटाई फुलते, पण सोड्याने येणाऱ्या भेगा आणि रंग तितके येत नाहीत. उलट सोडा अंदाजाने जास्त पडला की साबणासारखी चव लागते.

पसरण्याचं कारण बहुतेक वेळा तूपच असतं. ते पातळ नको, थिजलेलं हवं. तूप आणि साखर पाच-सहा मिनिटं पांढरं होईस्तोवर फेसा, मग पीठ घालून फक्त गोळा करा, मळू नका. गोळे वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये घाला. कोमट ओव्हनमध्ये तूप आधी वितळतं, आकार नंतर धरतो. वरून-खालून आच असेल तर १७० अंश, १६ ते १८ मिनिटं. उमलुफ्टवर (पंख्याची गरम हवा) २० अंश कमी. बाहेर काढताना मऊच लागतात; कडक व्हायची वाट बघत बसलात तर तळ जळेल. ट्रेवरच निवू द्या.

पाटा_वरवंटा:
करंजीचं राहिलं. तळताना पापुद्र्यात तेल शिरतं, ओव्हनमध्ये ते काम मोहनानेच करायचं. म्हणून १५० ग्रॅम ५५० पीठ आणि ५० ग्रॅम रव्याला कडकडीत तूप ५० ग्रॅम, आणि दूध साधारण ८० मिली. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवा. सारणाला कोकोसरास्पेल (पाकिटातला सुका नारळाचा कीस) चालतात. मंद आचेवर कोरडे भाजा, पूर्ण निवल्यावरच साखर मिसळा. गरम सारणात साखर पाझरते आणि पारी खालून ओली राहते. काट्याने दोन टोचे द्या, नाहीतर वाफेने कडा उकलतात. (तळणीच्या करंजीला हे करून बघू नका.) वरून दूध-तुपाचा हात, १८० अंशांवर २० ते २५ मिनिटं, मध्ये एकदा उलटा.

तिखटमीठ:
सुपरमार्केटातली निळी खसखस सारणात चालेल?

कढईवाली:
चवीला चालेल, पण सारण राखाडी दिसतं. पांढरी नाही मिळाली तर भाजलेले तीळ घाला.

आणि तारखा बघून ठेवा. ३१ ऑक्टोबर शनिवारी येतोय. तुमच्या नीडरझाक्सन राज्यात त्या दिवशी रिफॉर्मेशनची सुट्टी, दुसऱ्या दिवशी रविवार, म्हणजे दुकानं सलग दोन दिवस बंद. भारतीय दुकानाची फेरी २४ तारखेच्या शनिवारीच उरका. नानकटाई तेव्हाच केली तरी घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे छान राहते, करंज्या मात्र ५-६ नोव्हेंबरला करा.