मदत हवी आहे: टू-फॅक्टर लावतोय, पण फोनच हरवला तर?

नमस्कार मंडळी,

गूगल खात्याला टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सुरक्षा) लावायचं ठरवलंय. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड रीसेट करायच्या लिंक याच ईमेलवर येतात, त्यामुळे हे गेलं की सगळंच गेलं. एसएमएसच्या ओटीपीवर भरवसा वाटत नाही. कुणी माझ्या नंबरचं डुप्लिकेट सिम काढलं तर कोड थेट त्याच्याकडे जाईल. म्हणून फोनवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप घ्यायचा विचार आहे.

घोडं अडलंय ते फोनपाशी. फोन हरवला तर नव्या फोनवर अ‍ॅप टाकून तेच कोड परत मिळतात का? गूगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून सिंकची (कोडची प्रत खात्यात जपून ठेवायची) सोय आहे, पण ते सिंक गूगल खात्यातच होतं आणि मला तर त्याच खात्यात शिरायचं असेल! बॅकअप कोड (फोन नसताना लॉगिन करायला आधीच घेऊन ठेवायचे कोड) तुम्ही कुठे ठेवता? शिवाय नेट नसताना कोड दिसतो का? कृपया अनुभवी लोकांनी सांगा, फार काळजी वाटतेय.

प्रतिसाद १

सिंकबद्दलची शंका अगदी रास्त आहे. खातं जोडताना स्कॅन करायच्या क्यूआर कोडमध्ये एक गुप्त की असते. ती आणि फोनचं घड्याळ यांवरून अ‍ॅप दर ३० सेकंदांनी ६ आकडी कोड काढतं, म्हणून नेट लागत नाही. (घड्याळ पुढेमागे झालं तर मात्र बरोबर कोडही नाकारला जातो, वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा.) ही गुप्त की फक्त हरवलेल्या फोनमध्येच असेल तर नुसतं अ‍ॅप टाकून काही परत येत नाही. त्यामुळे तोच क्यूआर घरातल्या दुसऱ्या फोनवर किंवा टॅबवरही लगेच स्कॅन करून ठेवा.

गूगल १० बॅकअप कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. कागदावर छापून महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा. ईमेलमध्ये किंवा त्याच फोनच्या गॅलरीत नको.

प्रतिसाद २

जमलं तर पासकी (फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने होणारं लॉगिन) किंवा सिक्युरिटी की (यूएसबीसारखं छोटं उपकरण) हेसुद्धा जोडा. अ‍ॅपचा कोड खोट्या साइटवर टाकला तर समोरचा तो तिथल्या तिथे वापरू शकतो. पासकी मूळ साइटशीच बांधलेली असते, खोट्या साइटवर चालतच नाही.

धागाकर्ता

खूप आभार! मग एसएमएसचा पर्याय आजच काढून टाकू का?

प्रतिसाद १

आधी इनकॉग्निटो विंडोत एक बॅकअप कोड वापरून लॉगिन होतंय का ते बघा. झालं की काढा. रिकव्हरी फोनची (खातं परत मिळवण्यासाठी दिलेल्या नंबरची) सेटिंग वेगळी असते, तीही तपासा.